किल्ल्याखालचे गाव

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमला डिसेंबर २०२४ मध्ये 'विजय दुर्ग' हे नाव मिळाले, कोकणातील विजयदुर्गावरून. त्याच्या सेंट जॉर्जेस गेटचे शिवाजी गेट झाले. मराठी वाचकाला याचा संतोष वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या तटबंदीखाली एक गाव गेलेले आहे आणि त्याची आठवण जुन्या नामकरणानेही ठेवली नव्हती, नव्यानेही ठेवलेली नाही.

ते गाव गोविंदपूर. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे जमीनदारी हक्क ईस्ट इंडिया कंपनीने १० नोव्हेंबर १६९८ रोजी सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून १३०० रुपयांना घेतले. सुतानुटी या नावात सुताची लडी आहे. कलिकात्याविषयी वाद पुष्कळ: कुणाला त्यात कालीचे क्षेत्र दिसते, तर सुनीतिकुमार चतर्जींनी ते चुना आणि भाजलेले शिंपले यांच्याशी जोडले. (मराठी माणसाला येथे 'कळीचा चुना' आठवल्यावाचून राहत नाही.) गोविंदपुराचे नाव तेथील शेठ व बसाक या कापडव्यापारी कुळांच्या गोविंदजीवरून पडले अशी परंपरा आहे. ती खरी असो वा नसो, ग्रामनामांच्या सर्वसाधारण रीतीशी ती जुळते. वस्ती करणारे लोक आपल्या वस्तीला देवाचे, झाडाचे किंवा धंद्याचे नाव देतात. राजवाड्यांनी ग्रामनामांच्या आधारे महाराष्ट्राच्या वसाहतीचा इतिहास शोधला तो याच विश्वासाने. इंग्लंडातही 'हॅम', 'टन' हे प्रत्यय अँग्लो-सॅक्सन वस्तीची खूण सांगतात, आणि १०८६ च्या डूम्सडे बुकात नोंदलेली असंख्य गावे आजही त्याच नावांनी नांदतात. स्वदेशी खेड्यांची नावे जपणाऱ्या या लोकांनी हुगळीकाठच्या आपल्या किल्ल्याला १७०० मध्ये तिसऱ्या विल्यमचे नाव दिले. त्या राजाने हे ठिकाण कधी पाहिलेही नव्हते.

तो पहिला किल्ला १७५६ मध्ये सिराजुद्दौल्याने घेतला आणि शहराला अलीनगर म्हटले. प्लासीनंतर, १७५८ पासून, इंग्रजांनी नवा किल्ला बांधावयास घेतला तो गोविंदपुराच्या जागेवर. रहिवाशांना शहराच्या इतर भागांत हलविण्यात आले, भोवतालचे रान तोडण्यात आले. तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली ती जमीन म्हणजे आजचे मैदान. किल्ला १७८१ च्या सुमारास पुरा झाला. सुतानुटीच्या वस्तीवर शहर वाढले, कलिकात्याचे नाव शहरालाच लाभले. गोविंदपुराला मात्र जागाही उरली नाही.

या भूमीशी मराठ्यांचा जुना संबंध भयाचा आहे. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर आले आणि कलकत्त्याच्या रहिवाशांनी संरक्षणासाठी खंदक खणावयास घेतला. 'मराठा डिच' पुरा झाला नाही आणि मराठे तेथवर आलेही नाहीत. पण सरकारी घोड्यावरचा स्वार एवढाच अर्थ असलेला आपला 'बारगीर' बंगाली अंगाईगीतात 'बर्गी' होऊन राहिला, मुलांना भिववण्यासाठी. शिवाजी गेटकडे पाहताना बंगाली मनात या शब्दाचे काय होत असेल, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारलेला दिसत नाही.

ज्या दुर्गाचे नाव तेथे गेले, त्याची कथाही याच सूत्राला येऊन मिळते. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून ज्यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, त्याच वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी २ जानेवारी १७५७ रोजी कलकत्ता परत मिळविले. इंग्रजी कागदांत मात्र विजयदुर्ग हे नाव क्वचितच. ते लिहितात 'घेरिया'. शिवाजीमहाराजांनी १६५३ च्या सुमारास किल्ला घेऊन त्याला विजयदुर्ग म्हटले, त्यापूर्वीचे हे नाव. शेजारच्या गिर्ये गावावरून आलेले. शिलाहार दुसऱ्या भोजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला उभारला असे मानतात. त्यानंतर त्याचे धनी अनेकदा बदलले, नावही बदलले. गिर्ये मात्र देवगड तालुक्यात आपल्या रामेश्वरासह अजून त्याच नावाने आहे.