कोल्हापूरची गुजरी आणि कानांवरचे सोने

कोल्हापुरातील अंबाबाईच्या मंदिरातून बाहेर पडणारा यात्रेकरू पायी काही मिनिटांतच गुजरीत येऊन पोहोचतो. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना सराफी पेढ्या, काचेआड मखमलीवर मांडलेले साज आणि ठुश्या, आणि माडीवरून अधूनमधून ऐकू येणारी हातोडीची बारीक टकटक. परगावचे बहुतेक गिऱ्हाईक येथे कोल्हापुरी साजासाठी येते. गळ्यातल्या त्या दागिन्याची कीर्ती एवढी मोठी, की शेजारच्या लहान खणांकडे लक्ष जायला वेळ लागतो. त्या खणांत कानांतले दागिने असतात. कुड्या, बुगड्या, बाळ्या, झुबे, कर्णफुले, वेल अशी त्यांची नावे पेढीवरचा माणूस एका दमात सांगतो. सांगतानाचा क्रम मात्र तो चुकवत नाही, कारण तो क्रम कानाचा आहे.

मराठी स्त्रीच्या कानात एकाच वेळी तीन-चार दागिने असणे ही आजची टूम नव्हे. पाळीवर कुडी किंवा झुबा, मधल्या कडेला बाळी, वरच्या कडेला बुगडी आणि पाळीपासून केसांपर्यंत जाणारा मोत्यांचा वेल, अशी ही जुनी मांडणी आहे. पुरुषही यातून सुटलेले नव्हते. पाळीत चार मोत्यांचा चौकडा आणि उजव्या कानाच्या वरच्या भागात भिकबाळी हा पेशवाईतील सरदारांचा आणि प्रतिष्ठितांचा अलंकार होता. आज गुजरीत भिकबाळी विचारणारा तरुण बहुधा लग्नातला नवरदेव असतो आणि त्याला ती टोचायची नसून दाबून बसवायची असते.

या मांडणीमागे सौंदर्यदृष्टी आहे तसा भाराचा विचारही आहे. कानाची पाळी मऊ असते, तिच्यात कूर्चा नसते. ती भार घेते, पण वर्षानुवर्षे घेतलेल्या भाराने ताणलीही जाते. पाळीचे भोक लांबत जाऊन रेघेसारखे झाले की घरातल्या बायका ‘कान ओघळला’ असे म्हणतात. कानाची वरची कड कूर्चेची असते. ती ताणली जात नाही, मात्र दुखावली तर लवकर बरी होत नाही. म्हणून जड दागिना खाली आणि हलका वर असा नियम ठरला. खालचा दागिना फारच जड असेल तर वेल लावायचा. वेलाचे खालचे टोक झुब्याला आणि वरचा आकडा केसांत, म्हणजे झुब्याचे काही वजन पाळीऐवजी केसांवर जाते. हल्ली पुष्कळ जणी वेल नुसता शोभेसाठी सैल सोडतात. तो किंचित ताणून बसवला तरच आपले काम करतो. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण नाकासाठी झाली खरी, पण गुजरीतील जुना कारागीर ती कानालाही लावतो.

कुडीची घडण पाहण्यासारखी असते. मधल्या एका मोत्याभोवती सहा मोती, अशी सात मोत्यांची ही फुलासारखी रचना. सारख्या आकाराचे सहा गोल एका गोलाभोवती नेमके बसतात. त्यामुळे मोती निवडणाऱ्याचा डोळा तयार लागतो. एक मोती जरी लहान पडला तरी फुलात फट दिसते. हे मोती सोन्याच्या बारीक तारेने बांधलेले असतात आणि मागे मळसूत्र असते, त्यावर फिरकी बसते. बुगडीलाही बहुधा मळसूत्रच असते. बावीस कॅरटचे सोने मऊ असल्यामुळे रोजच्या फिरवण्याने हे आटे झिजतात. मग फिरकी घट्ट लावूनही दोन दिवसांत सैल होते आणि दागिना नकळत गळून पडतो. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या चित्रपटातील बुगडी हरवल्याचे गाणे ज्यांच्या घरात गुणगुणले जाते, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीआधी किंवा लग्नसराईच्या तोंडावर, सगळ्या फिरक्या कारागिराला दाखवाव्यात. नवी फिरकी करून घेण्याचा खर्च हरवलेल्या बुगडीच्या मानाने अगदीच किरकोळ असतो.

गुजरीच्या आतल्या बोळांत आणि माड्यांवर ही कामे चालतात. तेथे बसणाऱ्यांत मराठी सोनार आहेत, तसे बंगालमधून आलेले कारागीरही पुष्कळ आहेत. कान टोचण्याचे काम मात्र आजही अनेक कुटुंबे ओळखीच्या सोनाराकडेच नेतात. ‘सोनारानेच कान टोचावे’ या म्हणीत त्या कामातल्या हातोटीचा मान आहे. पाळीपुरती ही हातोटी पुरेशी ठरते. पाळीची जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. बुगडीच्या जागी, म्हणजे कूर्चेत, रक्तपुरवठा कमी असतो आणि तेथील भोक पूर्ण भरायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. तेथे पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडण्याची भीती असते. म्हणून वरचे भोक निर्जंतुक सुईने, शक्यतो डॉक्टरांकडून करून घ्यावे. बंदुकीसारख्या यंत्राने कूर्चा टोचू नये. एका बैठकीत तीन-चार भोके पाडण्याचा हट्ट मुलींनी धरला तरी आईने तो पुरवू नये. एक जागा बरी झाल्यावर दुसरी, असेच जावे. जखम मिठाच्या निर्जंतुक पाण्याने पुसावी, दागिना सारखा फिरवू नये आणि सुरुवातीला निकेल असलेला स्वस्त धातू घालू नये. ज्या घरात जखमेचे वण फुगण्याची प्रवृत्ती आहे, तेथे आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारणे शहाणपणाचे. ज्यांना टोचायचेच नाही त्यांच्यासाठी दाबाची बुगडी आहे. ती दोन-तीन तासांच्या समारंभाला ठीक असते. दिवसभर घातली तर तिच्या दाबाने कड दुखते.

लग्नाच्या दिवशी या सगळ्याची खरी परीक्षा होते. नववधूच्या कपाळावरून दोन्ही बाजूंना मुंडावळ्या सुटलेल्या असतात, खांद्यावर शालूचा पदर असतो, नाकात नथ असते आणि कानात तीन दागिने. मुंडावळीचा सर बुगडीत अडकणे हा नेहमीचा प्रकार आहे. घाईने ओढले की मोती तुटतो किंवा कान रक्ताळतो. यासाठी क्रम पाळावा. आधी साडी, मग केस, मग अत्तर आणि पावडर. त्यानंतर बुगडी, बाळी, कुडी अशा क्रमाने वरून खाली यावे. वेल केसांत अडकवायचा असल्याने शेवटी लावावा. मुंडावळ्या बांधणाऱ्या आत्याला किंवा मामीला बुगडीची जागा आधीच दाखवून ठेवावी. दोन दागिन्यांत किंचित मोकळी जागा राहिली की प्रत्येक दागिना वेगळा दिसतो आणि एकमेकांवर घासतही नाही. नथ मोत्यांची असेल तर कुडी आणि बुगडीही मोत्यांचीच शोभते. सोन्याचे झुबे घातले तर बुगडीही सोन्याची आणि लहान असावी. उतरवताना उलटा क्रम, आणि खाली पांढरे कापड पसरलेले असावे. मोरीत किंवा आरशासमोर उभे राहून काढलेली फिरकी घरंगळली की सहसा सापडत नाही.

मोत्यांची गोष्ट सोन्याहून वेगळी. जुन्या कुड्यांत आणि बुगड्यांत अनेकदा बसरा मोती असतात. इराणच्या आखातात पाणबुडे ते काढत आणि मुंबई ही त्यांची मोठी बाजारपेठ होती. तेथे मोती पारखले जात, विंधले जात आणि पुढे युरोपात जात. या व्यापारात जैन जव्हेरी घराणीही होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि आखाती मोत्यांचा हा व्यापार ओसरला. त्यामुळे आजीच्या बुगडीतला लहानसा पिवळसर मोती आज सहज मिळणारा नाही. तो खरा नैसर्गिक आहे की संवर्धित, हे डोळ्यांनी किंवा दातावर घासून ठरत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करावी लागते. मोती शिंपल्यातील जिवाच्या देहातून येतो, म्हणून नवा मोती विकत न घेणारी घरेही समाजात आहेत. अशा घरांत आजीच्या मोत्यांची काळजी दुप्पट महत्त्वाची ठरते, कारण त्यांच्या जागी दुसरे यायचे नसतात.

ही काळजी अवघड नाही. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. घाम, अत्तर, लिंबू, व्हिनेगर यांनी त्याचे पाणी जाते. वापरून झाल्यावर ओलसर मऊ कापडाने पुसून तो मलमलीत गुंडाळावा. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे ठेवू नये. रिठ्याचे पाणी सोन्याला चालते, मोत्याला नको. पाचू जडवलेला असेल तर गरम पाणी आणि सराफांकडील ध्वनिलहरींचे यंत्र, दोन्ही टाळावे. चांदीचा नियम याच्या उलट. जिल्ह्यातीलच हुपरी हे चांदीच्या कामाचे गाव. तेथील पैंजण प्रसिद्ध आहेत. हल्ली मुली रोजच्या वापरासाठी चांदीच्या बारीक बाळ्या एका कानात तीन-चार घालतात. चांदी हवेतील गंधकाने काळवंडते, म्हणून तिला हवाबंद पिशवीच चांगली. चांदी आणि मोती एका डबीत ठेवले की दोहोंपैकी एकाचे नुकसान ठरलेले.

लग्नसराईत गुजरीतील पेढ्यांवर एक दृश्य नेहमी दिसते. जुनी डबी उघडली जाते. तीत एक कुडी धड असते, दुसरीचा मोती गेलेला असतो, बुगडी एकटीच उरलेली असते. मुलगी म्हणते, ‘हे मोडून एक मोठा झुबा करू.’ हिशेब असा होतो : मोती काढून पुडीत बांधून परत मिळतात, सोने तपासून शुद्धतेप्रमाणे तोलले जाते, आटवताना येणारी घट वजा होते आणि जुनी घडणावळ शून्य धरली जाते. नव्या झुब्याला घडणावळ पुन्हा द्यावी लागते. कानातल्या दागिन्यात सोने थोडे आणि मजुरी जास्त असते. त्यामुळे मोडीत सर्वाधिक तोटा याच दागिन्यांत होतो. त्याऐवजी हरवलेल्या बुगडीची जोड करून घेणे, एक मोती बदलणे किंवा आटे नव्याने पाडणे पुष्कळदा स्वस्त पडते आणि जोडीतील एक जुनी तरी जशीच्या तशी राहते.

नवीन घ्यायचेच असेल तर पावतीकडे लक्ष हवे. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांचा ओळख क्रमांक आवश्यक झाला. मात्र २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. एका कानात तीन-चार लहान दागिने घालणारीचे बहुतेक सोने नेमके याच सुटीत बसते. तेथे पावतीवर लिहिलेले कॅरट, सोन्याचे निव्वळ वजन आणि मोत्यांचे वेगळे वजन हाच पुढचा आधार.

काही पेढ्यांवरचे जुने लोक गिऱ्हाइकाला डबीबरोबर एक चिठ्ठी ठेवायला सांगतात. कोणता दागिना, किती वजनाचा, कोणाकडून आला, कोणत्या कानात कोठे घालायचा, फिरकी शेवटची कधी बदलली. व्यापारी घरात मालाची नोंद ठेवण्याची सवय असतेच, पण आजीच्या कानातले बहुधा त्या नोंदीबाहेर राहिलेले असते. ती चिठ्ठी लिहायला आजी घरात असताना बसावे, म्हणजे बुगडी डाव्या कानाची कोणती हे तिलाच विचारता येते.