आठवड्याचे १६८ तास

"वेळच नाही रे!" आपल्या हॉस्टेलमध्ये सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं, अशी स्पर्धा घेतली तर "आज मेसमध्ये भाजी कसली?" ह्या प्रश्नालाही मागे टाकून हेच वाक्य पहिलं येईल. जर्नल अपूर्ण आहे, वेळ नाही. घरी फोन करायचाय, वेळ नाही. आणि गंमत म्हणजे हे वाक्य बोलणारा मित्र त्या वेळी कट्ट्यावर बसलेला असतो, हातात चहाचा ग्लास असतो आणि उठायची घाई त्याला अजिबात नसते!

इंजिनिअर व्हायचं म्हणजे आधी हिशोब आला. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. लेक्चर, प्रॅक्टिकल मिळून ३५. आंघोळ, मेसची रांग, कपडे धुणं ह्यांना २१ देऊन टाका. उरतात ६३, म्हणजे दिवसाला चक्क नऊ तास! मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एका रात्री सगळ्यांनी आपापल्या मोबाईलमधला स्क्रीन टाइम काढून बघितला. रोजच्या दोन तासांखाली एकही नव्हता. एकाने तर स्वतःचा आकडा वाचून फोन मुकाट्याने खिशात घातला. आकडा इथे देत नाही, कारण तो माझा शेजारी आहे.

मी मूळचा लातूरचा, ख्रिस्ती घरातला. आमच्या घरी वेळ हा विषय नेहमीचाच, कारण घड्याळापेक्षा रविवार मोठा. लातूरमध्ये अकरावी-बारावी करणं म्हणजे काय, हे ज्यांनी 'लातूर पॅटर्न' भोगलाय त्यांना सांगायला नको. पहाटे साडेपाचला पहिली बॅच, रात्री दहापर्यंत अभ्यासिका. आमच्या ट्यूशनची टेस्ट रविवारी साडेआठ ते साडेअकरा, आणि आमची उपासना साडेनऊला. बाबा सरांना भेटायला गेले. सर म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. बाबांनी वाद घातला नाही. घरी येऊन त्यांनी संध्याकाळी सातला कुटुंब-प्रार्थना ठेवली, ती दोन वर्षं एकदाही चुकली नाही. बाबांचं म्हणणं, रविवार गेला नाही, फक्त सरकला. मला हे पूर्ण पटलेलं नाही. मंडळीत शंभर माणसांबरोबर गाणं आणि घरात चौघांनी म्हणणं ह्यात फरक आहे. पण २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा, घागरींच्या रांगेत उभं राहून प्रार्थना करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे बाबांचंही चूक आहे असं म्हणवत नाही.

बायबलमध्ये पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात वेळेबद्दल एक सल्ला आहे. आमच्या पाळकसाहेबांनी त्यातल्या मूळ ग्रीक शब्दाची फोड एकदा सांगितली होती. तो शब्द बाजारातला आहे. विकत घेणे, पैसे मोजून सोडवून आणणे, असा त्याचा अर्थ. आणि वेळ ह्यासाठीचा शब्दही घड्याळाच्या तासाचा नाही, तर संधीचा, मोक्याचा. आपल्या अडतीत सोयाबीनचा सौदा होतो, तसं समजा. माल समोर असतो तेवढ्यातच बोली लावायची, दुसऱ्या दिवशी तो भाव राहत नाही. आणि विकत घ्यायचं म्हटलं की काहीतरी द्यावं लागतं, हे आलंच. 'टाइम मॅनेजमेंट'च्या सेमिनारमध्ये हा मुद्दा कोणी सांगत नाही. तिथे सगळं फुकटात वाचवायचं असतं.

बोली लावणारी माणसं आपल्या महाराष्ट्रात झाली आहेत. लातूर-कुर्डुवाडीमार्गे पुण्याला जाताना दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. बहुतेक वेळा आपण त्या वेळी बॅगा काढायच्या नादात असतो. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंना आपण शाळेत दोन ओळींत शिकलो, 'स्त्रियांच्या शिक्षणासाठी कार्य केले.' झालं! ही बाई संस्कृतची पंडिता, जन्म १८५८ चा. लहान वयात दुष्काळात आई-वडील गेले. पुढे नवरा गेला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली, विधवा बायका घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना ठेवलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या मेसचा कारभार आठवा आणि मग दोन हजार जणींचं जेवण, कपडे, आजारपण, शाळा ह्यांचा विचार करा. शिवाय शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना.

"वेळच नाही" म्हणायचा हक्क कोणाला असेल तर ह्या बाईंना होता. आणि नेमकं ह्याच काळात त्यांनी नवीन काम अंगावर घेतलं, संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर. तेही इंग्रजीवरून नव्हे. पंचेचाळिशी ओलांडल्यावर हिब्रू आणि ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास केला, कारण आधीच्या भाषांतरातली मराठी खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला जड जाते असं त्यांना वाटे. हे काम सतरा-अठरा वर्षं चाललं. मिशनमधल्या मुलीच खिळे जुळवायच्या, त्याच छापायच्या. ज्या मुली दुष्काळातून उपाशी आल्या होत्या, त्या आता मुद्रितं काढत होत्या! १९२१ च्या जुलैमध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. ती त्यांचा उजवा हात होती. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, पण त्याआधी भाषांतर पुरं केलं होतं. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर आला. तो त्यांनी पाहिला नाही.

अठरा वर्षं म्हणजे आपले छत्तीस सेमिस्टर. आपल्याला सोळा आठवड्यांचा मिनी प्रोजेक्ट शेवटच्या तीन रात्रींत उरकायची सवय!

पण वेळ वाचवण्याचं हे वेड एकदा लागलं की दुसराही धोका असतो. माणसं अडथळा वाटू लागतात. मार्कच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे, येशू त्याच्या घराकडे निघालाय. म्हणजे इमर्जन्सी. वाटेत गर्दीत एक बाई त्याच्या वस्त्राला हात लावते. ती बारा वर्षांपासून आजारी. आणि येशू चक्क थांबतो, मागे वळून विचारतो, तिचं सगळं ऐकून घेतो. तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली. त्या क्षणी याईराला काय वाटलं असेल, हे पुस्तकात दिलेलं नाही. पुढे मुलगी उठते, पण थांबायचं ठरवलं तेव्हा घड्याळ येशूच्या बाजूने नव्हतं.

एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेदहाला एका ज्युनिअरने माझं दार वाजवलं. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडून परत जायचं म्हणत होता, बॅगही भरली होती. लाप्लासचे दोन प्रकार माझे बाकी होते. आम्ही दीडपर्यंत बोलत बसलो. म्हणजे मी बहुतेक ऐकतच होतो. पेपरमध्ये ५२ पडले. साठाच्या वर गेले असते का, कोण जाणे. एका कंपनीची अट साठ टक्क्यांची आहे, त्यामुळे हा प्रश्न अजून मिटलेला नाही. ज्युनिअर आता सेकंड इयरला आहे आणि मेसमध्ये माझ्या ताटातली पापडी न विचारता उचलतो.

माझा रूममेट शीख आहे. परीक्षा असो-नसो, तो आठवड्यातून एकदा हजूर साहिबला लंगरच्या सेवेला जातो, भांडी घासतो. मी एकदा त्याला विचारलं, "तुला टेन्शन येत नाही का?" तर म्हणाला, "येतं की. म्हणून तर जातो." नांदेडमध्ये राहून एवढी एक गोष्ट मी शिकलो तरी फी वसूल झाली म्हणायची.

आता माझ्या हिशोबातली एक जागा सांगतो. रोज रात्री नऊला दहा मिनिटं. आजी लातूरला असते, ८१ वर्षांची, साखरेमुळे डोळे गेले आहेत. तिला मी फोनवर एक अध्याय वाचून दाखवतो. सबमिशनच्या आठवड्यातही ह्यात सवलत नाही. बाकीची मुलं आता नऊ वाजले की आपोआप आवाज कमी करतात. दिवाळीत डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन जे सांगितलं, ते आजीला घरात कोणी सांगितलेलं नाही. मी तिला स्तोत्रसंहिता वाचू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "ती नको रं बाळा, दीडशे हायेत. लूक लाव."

दहाव्या अध्यायात मार्था आणि मरियेची गोष्ट येते. येशू घरी आलाय, मरिया पायाशी बसून ऐकतेय, मार्था एकटी स्वयंपाकघरात राबतेय आणि तक्रार करतेय. येशू मरियेची बाजू घेतो. ह्यावर प्रत्येक उपदेशात मार्थेला बोल लावतात. मी वाचून संपवलं तर पलीकडून आवाज नाही. मला वाटलं लाइन कट झाली. मग आजी म्हणाली, "ते खरं हाय. पर मार्था बी चुलीपुढून उठली असती तर समदे उपाशीच निजले असते नव्हं? प्रभूनं नंतर हात धुऊन तिला जेवण वाढू लागलं असल. लिवणाऱ्यानं लिवलं न्हाई."

काल आमचा अठरावा अध्याय झाला. लूकचे २४ आहेत, म्हणजे पीएल लागायच्या आत संपतील. पुढे काय लावायचं ते आजीने परवाच सांगून ठेवलंय. प्रेषितांची कृत्ये. अध्याय २८.