पात्याची ओढ

रविवार, रात्र.

आज स्क्रोल सॉची तीन पाती मोडली. पाच इंचांचं, दोऱ्याएवढं बारीक पातं. तुटताना 'टक्' वाजतं आणि काळजात धस्स होतं. पहिलं तर मी उलटंच बसवलं होतं. दाते खाली हवेत, हे पाठ असूनही! प्लायवुड टेबलावर थडथडा उडायला लागलं तेव्हा चूक कळली. आता बसवण्याआधी बोटाने हलकेच चाचपून बघतो.

लाकूड कापायचा हा स्क्रोल सॉ घरी आणला तेव्हा वाटलं, ही तर शिलाई मशीनची बहीण. आई कापड कधी ढकलायची नाही, नुसती वळण द्यायची. मी मात्र ढकलतो. मग पातं मागे वाकतं, कड जळते आणि खोलीभर जळकट वास.

सरळ रेघ कापावी तर पातं उजवीकडे ओढ घेतं. दोष माझ्या हाताचा धरून बसलो होतो. पण पातं बनवताना त्याच्या एका बाजूला कंगोरा राहतो, तो तिकडे खेचतो. म्हणून लाकूडच जरा तिरकं धरायचं. हे उमगायला दोन आठवडे गेले.

संध्याकाळी लाकडी हत्ती झाला. सोंडेच्या विळख्यातली पोकळी कापायला आधी ड्रिलने भोक पाडलं, पात्याचं वरचं टोक सोडवून त्यातून ओवलं, पुन्हा ताणलं. सुईत दोरा ओवण्याचाच प्रकार, चष्म्यासकट.

हत्तीचा मागचा एक पाय बारीक झालाय. नातीने तो पाहिला नाही, किंवा पाहून बोलली नाही.

उद्या पाती आणायची. एक डझन तरी.