घरचा हौद

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोक नेहमींच्या बोलण्यांत करतात. पाण्याच्या बाबतींत हे दोन भाग शेजारी असूनही स्वभावानें अगदीं निराळे आहेत. घाटावर चिखली-मेहकरकडे काळ्या खडकांत लागलेलें पाणी बहुधा गोड असतें, परंतु वैशाखांत तें लागेलच असा भरंवसा कोणी देत नाहीं. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत, संग्रामपूर-जळगांव जामोदच्या बाजूस, जमिनींत पाणी आहे. पण अनेक ठिकाणीं तें इतकें खारें कीं त्या मुलखाला खारपाणपट्टा हेंच नांव पडलें आहे. अशा जिल्ह्यांत कोणी अंगणांत पोहण्याचा हौद बांधूं लागला, म्हणजे शेजारी कौतुकानें पाहतात आणि मनांतल्या मनांत हिशेब करतात.

हिशेब सोपा आहे. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि चार फूट खोल, म्हणजे मुलांना डुंबण्यापुरता हौद धरला, तरी त्यांत सुमारें नऊ हजार लिटर पाणी मावतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें खेड्यांतील माणसामागें रोजचें ५५ लिटर पाणी धरलें आहे. त्या मापानें पांच माणसांच्या घराला महिनाभर पुरून उरेल इतकें पाणी त्या हौदांत उभें राहतें. हौस करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांनीं पोहावयास शिकावेंच. पण ज्याला दर पंधरवड्यास हौद रिकामा करून नवा टँकर मागवावा लागतो, त्याच्या हौदाचें आम्हांस कौतुक वाटत नाहीं. भरलेलें पाणी राखतां येणें हीच यांतली खरी विद्या होय.

आमच्या घरीं असा एक हौद बारा वर्षें आहे, म्हणून परिचित मंडळी आपल्या शंका आमच्याकडे घेऊन येतात. आम्ही जीं उत्तरें देतों तीं बहुतेक आमच्या गवंड्याचीं आहेत. त्याला सारें गांव मिस्तरी म्हणतें. हौदाचें पाणी रोज उतरतें, तर तो गळतो काय, हा सर्वांचा पहिला प्रश्न. मिस्तरी त्यावर हातोडा काढीत नाहीं, बादली मागतो. "भाऊ, हौद गळून राह्यला का ऊन पाणी पेऊन राह्यलं, थे बादली सांगते." हौदाचेंच पाणी बादलींत भरावें, बादली पायरीवर अशी ठेवावी कीं आंतलें आणि बाहेरचें पाणी एका पातळीवर येईल, आणि दोन्हीकडे खूण करून दोन दिवस वाट पाहावी. दोन्ही पाणी सारखेंच उतरलें तर तें उन्हानें नेलें. आमच्याकडच्या मे महिन्यांत रोज सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी असेंच उडून जातें. हौदाचें पाणी अधिक उतरलें तर मग भेग शोधावी.

भेगेचें कारण पुष्कळदां हौदांत नसतें, भोंवतालच्या जमिनींत असतें. आमची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगते. तिच्या अंगाला भिडलेली भिंत किती दिवस उभी राहणार? म्हणून माती काढून भोंवतीं मुरूम ठोकून भरावा लागतो. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाहीं. भर पावसाळ्यांत हौद रिकामा करूं नये. आंतल्या पाण्याचें वजन गेलें म्हणजे जमिनींत चढलेलें पाणी तळाला खालून रेटतें. आमच्या एका स्नेह्यांच्या हौदाचा तळ श्रावणांत असाच उचलून तडकला. दूरच्या शहरांतून आणलेल्या कंत्राटदारानें तो धुण्यासाठीं उपसला होता. त्याच्याजवळ यंत्रें उत्तम होतीं. त्याला येथली माती ठाऊक नव्हती.

तेव्हां माणूस कसा निवडावा, हें आलेंच. सकाळीं चौकांत कामासाठीं उभ्या असलेल्या मंडळींना आपण आधीं दर विचारतों आणि घासाघीस करतों. आम्ही आधीं विचारतों, तुम्हीं बांधलेला जुना हौद कोठें आहे? नवा हौद कोणाचाही सुंदर दिसतो. तीन पावसाळे पाहिलेला पाहावा. ताजा गिलावा निदान सात दिवस ओला ठेवा असें जो पुन्हा पुन्हा बजावतो, आणि मोटारीच्या तारेला हात न लावतां "हें माझं काम नाही, वायरमन बोलवा" असें जो म्हणतो, तो माणूस दोन पैसे जास्त घेवो, स्वस्तच पडतो.

पाणी हिरवें कां होतें, हा दुसरा मोठा प्रश्न. पाण्याचा रंग पालटला कीं माणसाच्या मनांत नाहीं नाहीं त्या कल्पना येतात. २०२० च्या जूनमध्यें लोणारच्या सरोवराचें पाणी गुलाबी झालें तेव्हां किती तर्क लढविले गेले! शेवटीं तपासांत मिठांत राहणारे सूक्ष्म जीव निघाले. घरच्या हौदांतील हिरवेपणाही सूक्ष्म शेवाळाचाच. ऊन त्याला पोसतें. ताज्या ब्लीचिंग पावडरींत सुमारें एकतृतीयांश क्लोरीन असतो, म्हणून हजार लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे आमच्या मापाच्या हौदाला नव्वद ग्रॅम पावडर पुरते. ती बादलींत कालवून वरची निवळ दिवस मावळल्यावर ओतावी, कारण उन्हांत क्लोरीन टिकत नाहीं. पाणी फार अल्कधर्मी असलें तर तिचा जोर कमी पडतो. फरशी धुण्याचें ॲसिड तिच्याजवळही ठेवूं नये. दोन्ही एकत्र आलीं कीं विषारी वायु निघतो. मुलांचे डोळे चुरचुरतात तो दोष बहुधा औषधाचा नसतो, अंगाच्या घामाशीं आणि मुलांच्या दुसऱ्या एका आळसाशीं क्लोरीनचा संयोग झाल्यामुळें तें होतें. आधीं स्नान, मग हौद, हें आमच्या घरच्या वडील बायकांनीं रसायनशास्त्र न वाचतां ठरविलें होतें.

सिंदखेडराजाची पुतळा बारव ज्यांनीं पाहिली आहे, त्यांनीं तिच्या भिंतींतील मूर्ती न्याहाळल्या असतील. आम्हांस त्याहून तिच्या पायऱ्या मोलाच्या वाटतात. वर आकाश उघडें आहे, आणि उतरलेल्या माणसाला चढून येतां येतें. अलीकडे ही साधी गोष्ट आपण विसरलों. २०१६ पासून सरकारी योजनेंतून गांवोगांव शेततळीं झालीं. पिकांना त्यांनीं आधार दिला, परंतु प्लॅस्टिक अंथरलेल्या त्यांच्या निसरड्या उतारावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येतां येत नाहीं. कांठाला बांधलेला गांठींचा दोर आणि भोंवतीं कुंपण, एवढ्यानें मुलें वांचतात.

घरोघरीं हौदाशेजारीं साठवणीची बंद टांकी असते, तिला दोन फुटांचें तोंड असतें. तींत उतरणाऱ्या माणसाविषयीं मात्र आम्हांस आजवर कोणी कांहीं विचारलेलें नाहीं. फार दिवस झांकलेल्या जागेंत प्राणवायु सरलेला असतो. सडलेल्या गाळांतून विषारी वायु निघतो. पूर्वी लोक कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर हवा वाईट हें खरें. पण न विझला तर हवा चांगली असें ठरत नाहीं, आणि पेट घेणारा वायु असेल तर तोच कंदील घात करतो. पडलेल्याला काढण्यासाठीं दुसरा उडी घेतो, त्याच्यामागें तिसरा. एकाच टांकींत दोन-तीन बळी जातात ते असे.

गेल्या चैत्रांत आमची टांकी साफ करावयाची होती. मिस्तरीनें झांकण काढलें आणि आपल्या हाताखालच्या एकोणीस वर्षांच्या पोराला कांठावरच बसविलें. आज कोणी उतरणार नाहीं, रात्रभर तोंड उघडें राहूं द्या, सकाळीं पंख्यानें हवा आंत सोडूं, असें तो म्हणाला. आमच्याकडे पाहुणे आलेले एक वडीलधारे गृहस्थ हंसून म्हणाले, "अहो मिस्तरी, पांच मिनिटांचें तर काम!"

"पांच मिनिटंच लागतेत, बापू," मिस्तरी म्हणाला आणि बिडी पेटवावयास अंगणाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशीं दोन तास पंखा चालविल्यावर पोरगा कमरेला दोर बांधून उतरला. दोराचें दुसरें टोंक मिस्तरीच्या मनगटाला होतें, आणि तो दर थोड्या वेळानें पोराला नांवानें हांक मारीत होता. दीड घमेलें गाळ आणि मुलांचा हरवलेला एक चेंडू निघाला. मजुरी त्यानें दोन दिवसांची मागितली. पहिल्या दिवसाची कां, असें पाहुण्यांनीं विचारण्यापूर्वींच आमच्या घरांतून पैसे बाहेर आले होते.