सव्वादोन मिलिमीटरांचा आग्रह

छंद म्हटला म्हणजे त्याचीं दोनच खातीं मांडण्याचा आपल्या घरांतून प्रघात आहे. ज्यापासून चार पैसे सुटतात, किंवा निदान चार लोकांत नांव होतें, तो छंद उपयुक्त. बाकीचे सारे रिकामपणचे उद्योग. गायन, वादन, बागकाम, फार तर जुनीं नाणीं जमविणें, येथपर्यंत वडीलधाऱ्या मंडळींची क्षमा मिळते. पण पन्नाशी उलटलेला, चष्मा लावणारा, मुलाबाळांचा धनी असा एखादा गृहस्थ रविवारच्या रविवार टेबलापाशीं बसून पांच इंच लांबीच्या आगगाडीच्या इंजिनाचीं चाकें जुळवीत आहे असें दिसलें, कीं घरांतील बायका एकमेकींकडे पाहून हंसतात आणि मुलें पाहुण्यांस 'काकांचें खेळणें' दाखवूं लागतात. आम्हांस हा अनुभव पुष्कळ वर्षांचा आहे, व त्याबद्दल आमची कसलीहि तक्रार नाहीं. मात्र तें खेळणें नव्हे, एवढें सांगण्याची परवानगी वाचकांनीं आज आम्हांस द्यावी.

ह्या छंदाचें एक माहेरघर इंग्लंड. तेथील खऱ्या रेल्वेच्या दोन रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच. तेथील हौशी लोकांत सर्वांत प्रिय असलेलें प्रमाण म्हणजे खऱ्या एका फुटास ४ मिलिमीटर. अर्थात् मूळ वस्तूच्या सुमारें ७६ वा हिस्सा. आतां त्रैराशिक मांडलें तर लहान रुळांमधील अंतर १८.८३ मिलिमीटर यावयास पाहिजे. परंतु दुकानांतून मिळणारा रूळ असतो १६.५ मिलिमीटरांचा. म्हणजे सव्वादोन मिलिमीटरांहून किंचित् अधिक तूट. ही तूट खऱ्या मापांत परतवून पाहिली तर इंजिनाच्या पायाखालचा रूळ सात इंचांनीं अरुंद झाला असें होतें. रुंद खांद्यांच्या मल्लाला लहान मुलाच्या वहाणा चढवाव्या, तशांतला हा प्रकार.

ही विसंगति कोणी अडाणीपणानें केली असें मात्र समजूं नये. युरोपांत फुटास साडेतीन मिलिमीटर हें प्रमाण व १६.५ चा रूळ ही जोडी जमली होती, आणि ती हिशेबानेंहि बरोबर होती. पण इंग्लंडांतील पूल व बोगदे फार आधीं बांधले गेलेले व अरुंद. त्यामुळें तेथील खरीं इंजिनेंच अंगानें लहान. साडेतीनच्या प्रमाणानें केलेल्या अशा इंजिनाच्या पोटांत त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हां रूळ होता तोच ठेवून वरचें इंजिन मात्र चारच्या प्रमाणानें वाढविण्यांत आलें. १९३८ सालीं हॉर्नबी यांची 'डब्लो' नांवाची माला बाजारांत आली ती ह्याच मापाची, आणि पुढें तें माप घरोघर रुजलें. व्यवहाराची अडचण, व्यवहारी तोड, आणि मग त्या तोडीचीच रूढि! आपल्या समाजांतील पुष्कळ रूढींचा जन्मवृत्तांत ह्याहून वेगळा नसेल.

पण कांहीं थोडे लोक असे निघाले कीं, त्यांना ती अरुंद चाल डोळ्यांत खुपूं लागली. त्यांतील कांहींनीं रूळ १८ मिलिमीटरांपर्यंत रुंद केला, पुढें तो १८.२ झाला, ह्या 'ई-एम्' मापाच्या पुरस्कर्त्यांचें मंडळ १९५५ सालीं स्थापन झालें. त्यांच्याहि पुढें जाऊन १९६६ सालीं 'प्रोटोफोर' नांवाचीं मापें प्रसिद्ध झालीं. त्यांत रूळ तर १८.८३ चा धरलाच. पण चाकाची जाडी, त्याची कड, सांध्यावरील फट, हीं सर्वच खऱ्या रेल्वेवरून उतरविलीं. दुकानी चाक जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर जाड असतें, हें दोनच. आणि चाक रुळावरून घसरूं नये म्हणून जी आंतली कड असते, तिची उंची अर्ध्या मिलिमीटराहूनहि कमी.

वाचकभगिनी म्हणतील, चाकें थोडीं दूर सरकविलीं, झालें! त्यांत एवढें काय? तर तेंच सांगतों. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचें पाठीवर दोहोंकडे पडशीप्रमाणें पाण्याच्या टांक्या घेतलेलें एक सहाचाकी इंजिन होतें. १९२९ ते १९५० ह्या अवधींत ह्या जातीचीं ८६३ इंजिनें बांधलीं गेलीं, एवढें तें कष्टाळू व गुणी. त्याचे वाफेचे नळकांडे चाकांच्या आंतल्या अंगास असल्यामुळें बाहेर यंत्राची गर्दी नाहीं. म्हणून नवशिक्यानें रूपांतरास हेंच घ्यावें असा प्रघात आहे. तरीहि जुनीं चाकें काढून नवीं बसवितांना आंसांची समांतरता पाहावी लागते. एका बाजूचीं तीन चाकें एका दांड्यानें जोडलेलीं असतात. दुसऱ्या बाजूचीं तशींच, पण बरोबर काटकोनानें पुढेंमागें. हा काटकोन तिन्ही आंसांवर एकसारखा न साधला तर इंजिन लंगडूं लागतें. दांड्याचीं भोकें केसाएवढीं घट्ट राहिलीं तर तें अडतें. केसाएवढीं सैल झालीं तर डुलतें.

खरी परीक्षा तर याच्याहि पुढें. कड एवढी बारीक झाल्यावर इंजिनाचीं सहाहि चाकें सदैव रुळाला टेंकलेलीं पाहिजेत. चार पायांचें टेबल किंचित् उंचसखल जमिनीवर डुगडुगतें, तीन पायांची तिवई डुगडुगत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्याच न्यायानें एक आंस स्थिर ठेवून बाकीच्या दोन आंसांवर एक डुलती पट्टी टेंकवितात, म्हणजे सारा भार तीन बिंदूंवर येतो. दुसरी रीत तंबोऱ्याच्या तारेसारख्या बारीक पोलादी तारेवर प्रत्येक आंस तोलण्याची. ज्या युक्तीनें खरीं इंजिनें धक्के सोसतात, तीच येथें नखाएवढ्या जागेंत बसवावी लागते. माप खरें धरलें कीं त्याच्या पाठोपाठ खरे नियमहि पाळावे लागतात. त्यांतून सूट मिळत नाहीं. आमच्या मतें ह्या छंदाचें पहिलें शिक्षण तें हेंच.

आतां एक हकीकत सांगतों. नोकरीनिमित्त आमचीं कांहीं वर्षें ऑक्सफर्डजवळच्या एका गांवीं गेलीं. तेथील हौशी मंडळींची आठवड्यांतून एकदां चर्चच्या सभागृहांत बैठक असे. ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ तेथें नेमानें येत. आमच्या घरांत त्यांचा उल्लेख 'इंजिनवाले आजोबा' असाच होई. त्यांच्या लहानपणीं त्यांच्या गांवच्या शाखामार्गावर वर सांगितलेल्या जातीचें इंजिन रोज दोन डबे ओढीत येत असे. पुढें तो मार्ग बंद पडला, रूळ उखडले गेले. १९६८ च्या ऑगस्टांत तर तेथील राष्ट्रीय रेल्वेवरील वाफेच्या इंजिनांचेंच युग संपलें.

एके दिवशीं आजोबांनीं एक पुठ्ठ्याची पेटी आमच्यापुढें सरकविली. आंत कापसांत गुंडाळून जर्मन सिल्व्हरचा एक अर्धवट सांगाडा, सहा चाकें व जोडदांड्यांच्या पट्ट्या ठेविल्या होत्या. त्यांच्या दृष्टीचा मध्यभाग वर्षभरांत अंधारला होता. कडेकडेचें तेवढें दिसे. "हें १८.८३ चें आहे. आतां माझ्यानें होणार नाहीं. तुम्ही पुरें कराल काय?" एवढेंच ते म्हणाले.

आम्ही पेटी घरीं आणली खरी, पण मनांत एक विचार डोकावूं लागला. आजोबा मोठें घर सोडून दोन खोल्यांत राहावयास गेले होते. त्यांचा स्वतःचा रूळमार्ग केव्हांच मोडला होता. हें इंजिन पुरें झालें तरी कांचेच्या कपाटांत राहणार. त्यांना चाकें दिसणार नाहींत. इतरांस त्यांतील भेद कळणार नाहीं. दुकानांत तयार इंजिन मिळत होतें, आणि त्याचें वरचें अंग आमच्या हातून होणाऱ्या कामापेक्षां सुबकच होतें. मंडळांतील एका स्नेह्यानेंहि सद्भावानेंच तें सुचविलें. म्हातारा मनुष्य, किती दिवसांचा सोबती, त्याला लवकर आनंद मिळाला तर वाईट काय?

ही गोष्ट आम्हीं जेवतांना सहज घरांत काढली. आमचे कुटुंबास इंजिनांतलें कांहीं कळतें असें नाहीं, व कळून घेण्याची हौसहि नाहीं. पण तिनें पानांत वाढतां वाढतां उत्तर दिलें, "नैवेद्याच्या भाजीचें मीठ कोणी चाखून पाहत नाहीं. म्हणून तें अंदाजानें टाकून चालतें का?" त्यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

चार महिन्यांचे रविवार त्या पेटीस लागले. दांड्यांच्या दोन दोन पट्ट्या एकावर एक ठेवून कथलाचा डाख दिला, भोकें हळूहळू मोठीं केलीं, एकेक आंस बसवून दर वेळीं सांगाडा कांचेच्या तुकड्यावर ठेवून पाहिला. तार ओंवावयाची वेळ आली तेव्हां आम्ही सांगाड्यास भोकें पाडण्याच्या तयारीस लागलों, तों तीं आधींच पाडलेलीं आढळलीं. बारीक, सरळ, ज्या जागीं पाहिजेत त्याच जागीं. दृष्टि शाबूत होती तेव्हांच आजोबांनीं सर्व योजना मनांत पुरी करून ठेविली होती. त्या सांगाड्याखालीं दुकानी चाकें घालावयाचीं म्हणजे त्यांच्या त्या विचारावर बोळा फिरवावयाचा, हें तेव्हां आमच्या पुरतें ध्यानांत आलें.

काम झाल्यावर इंजिन मंडळाच्या चाचणीच्या रुळावर ठेविलें. त्या मार्गावर तीन सांधे होते. सांध्याच्या मध्यभागीं जेथें एक रूळ दुसऱ्यास छेदतो, तेथें एक फट असतेच. दुकानी चाक त्या फटींत किंचित् पडतें व 'टक' असा आवाज होतो. मापें खरीं असलीं म्हणजे चाक फटींत न उतरतां वरच्यावर पार होतें. आजोबांनीं आपली खुर्ची फळीजवळ ओढून घेतली आणि डोकें कलतें करून कान रुळाशीं नेला. इंजिन सावकाश पहिल्या सांध्यावरून गेलें, दुसऱ्यावरून गेलें, तिसऱ्यावरून गेलें. "पडलें नाहीं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानें, "पुन्हां एकदां न्या."

आमच्या हिशेबीं जें कोणीहि तपासणार नव्हतें, तें त्यांनीं कानानें तपासून घेतलें. पुढल्या हिंवाळ्यांत ते निवर्तले. इंजिन त्यांच्या नातीनें आपल्याकडे ठेवून घेतलें आहे.

एवढ्यावरून १८.८३ हाच तेवढा मोक्ष आणि बाकीचे सर्व पाखंडी, असें कोणी समजूं नये. त्याच भागांत लाँग विटनहॅम नांवाचें खेडें आहे. तेथें रॉय इंग्लंड ह्या ऑस्ट्रेलियांतून आलेल्या गृहस्थानें १९५४ सालीं पेंडन संग्रहालय स्थापन केलें. आसपासच्या खोऱ्यांतील जुनीं गवती छपराचीं घरें बदलूं लागलेलीं पाहून त्यानें तीं मोजलीं, व फुटास ४ मिलिमीटर ह्या प्रमाणानें हुबेहूब करावयास घेतलीं. १९२० ते १९४० च्या दरम्यानचें अख्खें ग्रामजीवन आज तेथें कांचेमागें उभें आहे. तेथील भिंतीची वीट न् वीट पाहून मन थक्क होतें. पण रूळ मात्र १८ मिलिमीटरांचा. आंकड्याच्या मानानें तो उणाच. तरीहि ते काम खोटें आहे असें म्हणण्यास कोणाचीहि जीभ रेटणार नाहीं. कारण कोठें थांबावयाचें हें त्यांनीं डोळे उघडे ठेवून ठरविलें, आणि ठरविल्यावर तेथून रेसभरहि ढळले नाहींत. व्यवहारांत तडजोड कोणास चुकली आहे? पण जाणून केलेली तडजोड निराळी, आणि कोण पाहतो म्हणून केलेली निराळी. पहिलीनें मनुष्य शहाणा होतो, दुसरीनें हात बिघडतो.

स्वदेशीं परतल्यावर ह्या विचाराला एक नवी धार आली. फुटास चार ह्या प्रमाणांत आपले रूळ फार सुरेख उतरतात. आपला साडेपांच फुटांचा रुंद मार्ग बरोबर २२ मिलिमीटर. १९०७ सालीं सुरू झालेला नेरळ-माथेरानचा दोन फुटी मार्ग बरोबर ८. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग बरोबर १०. पुण्यांत जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुलें आहे. तेथील गाड्या मूळच्या ८७ व्या हिश्शाच्या असून लहानथोर सारे तेथें रमतात. पण बार्शीचा तो अडीच फुटी मार्ग आतां रुंद रुळांत रूपांतरित होऊन गेला. त्यावरील एखादी वाघीण किंवा गार्डाचा डबा कोणास हुबेहूब करावयाचा झाला, तर मापें कोठून आणावयाचीं?

वाचकांपैकीं कित्येकांचे आजे-पणजे जी. आय. पी. त किंवा बार्शी लाइटमध्यें नोकरीस असतील. माळ्यावरच्या ट्रंकेंत त्यांचे फोटो, वेळापत्रकें, एखादा निळा नकाशा, पितळी बिल्ला पडला असेल. दिवाळीच्या साफसफाईंत तो रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावा, मागें नांव व साल लिहून ठेवावें, आणि घरांतील एखाद्या मुलास फूटपट्टी देऊन जवळच्या जुन्या स्टेशनाच्या फलाटावर पाठवावें. तो खांब, कठडा, पाण्याची टांकी मोजून वहींत उतरवील. त्यांतून पुढें इंजिन होईल न होईल. पण कोणी पाहत नसतांहि माप बरोबर घ्यावें, ही गोष्ट त्याच्या हाताला कळेल. आमच्या छंदानें घराला दिलें असेल तर एवढेंच दिलें, आणि तें आम्हांस थोडें वाटत नाहीं.