हिरवं हेल्मेट

सोमवार. सातजण जॉइन झाले. पाच आयटीआयचे, नांदेड-लातूरकडचे. सत्तर स्लाइडचं इंडक्शन झालं. "काही शंका?" सगळे गप्प. कॅन्टीनमध्ये एकाने हळूच विचारलं, "सर, ताट धुऊन ठेवायचं का तसंच?" ही स्लाइड आम्ही केलेलीच नाही.

*

पीएफ. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गायब. बारा आकडी यूएएनचं घोडं इथेच अडतं. "आधी कुठे नोकरी केली?" विचारलं की पोरं घाबरून "नाही" म्हणतात. तीन महिन्यांत सोडलेली नोकरी कबूल कशी करायची! आता विचारतो, "आधी कुठे पीएफ कापत होते का?" लगेच सांगतात.

*

आमची हजेरी २५ला बंद, पगार ७ला. म्हणजे २७ जुलैला लागलेल्या पोराच्या हातात पहिला पगार ७ सप्टेंबरला. बेचाळीस दिवस. तोवर खोलीचं डिपॉझिट आणि खानावळीचा अ‍ॅडव्हान्स भरायचा. मी नवा असताना हे कुणालाच सांगत नसे. एक चांगला पोरगा तिसऱ्या आठवड्यात यायचा बंद झाला. आम्ही रजिस्टरवर 'ॲबस्कॉन्ड' लिहून मोकळे. नंतर कळलं, खानावळवाल्याला तोंड दाखवता येईना म्हणून गावी गेला होता. आता उचलीचा फॉर्म ऑफर लेटरसोबतच देतो. अकाउंट्सवाले अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

*

सेफ्टी शूज सहा नंबर स्टोअरमध्ये नाही. एक नवा पोरगा सात घालून दिवसभर उभा राहिला. टाचेला फोड.

*

नव्याला पहिला महिना हिरवं हेल्मेट. पोरांना लाज वाटते, पण फोर्कलिफ्टवाला लांबूनच वेग कमी करतो.

*

नव्याला जोडीदार म्हणून वीस वर्षांचा जुना ऑपरेटर देऊ नये. त्याला काय अवघड असतं तेच आठवत नाही. वर्षभरापूर्वी लागलेला द्यावा. आज बघत होतो. टॉर्क रेंचचा 'कट्' आवाज आला, तरी नव्याने खात्रीसाठी आणखी एक हिसका दिला. जोडीदार ओरडला नाही. त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाला, "आवाज आला ना? बस. मी पण असेच बोल्ट ताणून ठेवले होते."

*

पत्रात बसचा स्टॉप नुसता 'भोसरी' छापलाय. भोसरी केवढी! पहिल्या पाळीचे दोघे पहाटे चुकीच्या चौकात उभे. उद्या ड्रायव्हरचा नंबर पत्रावर हातानेच लिहीन.