माफी कशाची?

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा येरवड्याला आहे. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप, नऊ वर्षं झाली. त्यांना विचारूनच हे लिहितेय. (नातेवाईक मंडळी, घरी आलात की त्यांच्यासमोर विषय काढू नका, प्लीज!)

झालं असं, की कुणीतरी त्यांना सांगितलं, राज्यपालांना अर्ज केला की माफी मिळते. अर्ज लिहून द्यायचे पंधरा हजार. मावशी उचल मागायला आल्या तेव्हा मला कळलं. म्हटलं, थांबा, आधी कोर्टात विचारून येऊ.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. १९८७च्या कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. त्याच्याही आधी, १९७८ साली, होसकोट खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की कैद्याला निकालाची प्रत मोफत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही. मावशींच्या पिशवीत रेशनकार्ड होतं, मुलाचा दहावीचा दाखला होता, निकालाची प्रत मात्र नव्हती. नऊ वर्षं!

वकीलबाई मिळाल्या त्या अगदी तरुण, पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, शिक्षेत सूट वेगळी आणि माफी वेगळी. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातला जन्मठेपेचा कैदी सरकारी सुटीवर चौदा वर्षांआधी सुटत नाही. राज्यघटनेच्या १६१व्या कलमाखालच्या राज्यपालांच्या अधिकाराला ती अट नाही. पण राज्यपालही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात, हे १९८०च्या मारू राम निकालात स्पष्ट झालंय. "अर्ज करू, पण आशा फार धरू नका मावशी."

त्यावर मावशी जे बोलल्या ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. "ताई, त्यानं केलंच न्हाई, तर माफी कशाची मागायची?"

मला वाटलं, संपलं. पण वकीलबाईंकडे त्यालाही उत्तर होतं. केहरसिंग प्रकरणात, १९८८ साली, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की दयेचा अर्ज बघताना राष्ट्रपती पुरावा नव्याने तपासू शकतात, कोर्टापेक्षा वेगळ्या मताला येऊ शकतात. तेव्हा पुराव्यातल्या त्रुटीही अर्जात मांडता येतात. मावशींचा चेहरा एकदम उजळला.

मग कच्चा मसुदा झाला. तुरुंगातली वागणूक, पॅरोलवरून वेळेत परत आल्याच्या नोंदी, आईचं वय, साक्षीपुराव्यातल्या दोन विसंगती. आणि शेवटी एक वाक्य : 'मला झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप आहे.' मावशी अडून बसल्या, हे काढा. वकीलबाई म्हणाल्या, अर्ज त्याचा आहे, सही त्याची आहे, त्यालाच विचारते.

पुढच्या आठवड्यात त्या जेलमध्ये जाऊन आल्या आणि मावशींना फोन केला. मावशी तेव्हा आमच्या ओट्यापाशीच होत्या, हात पिठाचे, म्हणून फोन मी कानाला धरला होता. मुलाने विसंगतींचा परिच्छेद काढायला सांगितला होता. पश्चात्तापाचं वाक्य ठेवायला.

मावशी काही बोलल्या नाहीत. राहिलेल्या सहा पोळ्या लाटल्या, तवा पुसला. निघताना फक्त विचारलं, "उत्तर कवा येतं ओ ताई?"

मुदत अशी काही नसते, वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं. तेच मी सांगितलं. अर्ज मागच्या सोमवारी गेला.